बसल्या मापाचं जॅकेट

आमच्या घरात लेकरू कमावतं झालं की त्याला कोट शिवतात. दुकानात टांगलेला तयार कोट नाही, मापाचा. हिंगोलीत एक म्हातारे शिंपी आहेत, त्यांच्याकडे बाबा स्वतः घेऊन जातात, माप चालू असताना समोर खुर्ची टाकून बसतात आणि त्या बिचाऱ्याला शंभर सूचना करतात. कोट तयार झाला की घरी आणून स्वतःच्या हातानं लेकराच्या अंगावर चढवतात. मग उजव्या हाताचा अंगठा खांद्याच्या शिवणीवरून मानेपासून दंडापर्यंत सावकाश फिरवतात आणि म्हणतात, "बराबर." एवढं झालं की ते लेकरू मोठं झालं असं आमच्या घरात धरतात. माझ्या दोन्ही भावांचं असं झालं. मी दारात उभी राहून दोन्ही वेळा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा माझ्या मनात एकच होतं, की माझी पाळी कधी.

ही रीत कुठून आली ते सांगते. माझ्या आजोबांचं माप आयुष्यात कुठल्या शिंप्यानं घेतलं नाही. गावानं दिलेला सदरा, गावानं दिलेलं धोतर, कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं. बाबांना वीज खात्यात लाइनमनची नोकरी लागली तेव्हा आजोबांना कोण आनंद झाला. साहेबासमोर पोरगं नीट दिसावं म्हणून त्यांनी बाजारातून एक जुना कोट आणला आणि बाबांच्या अंगावर चढवला. त्याच्या बाह्या बाबांच्या बोटांच्याही खाली यायच्या. हजर व्हायला गेले तर ऑफिसातले लोक हसले. बाबांनी बाह्या दुमडल्या आणि सही केली. आजोबांना ते हसणं त्यांनी कधी सांगितलं नाही. पण आपल्या लेकरांच्या अंगावर दुसऱ्याच्या मापाचं काही चढू द्यायचं नाही, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

मी सगळ्यात धाकटी आणि एकुलती मुलगी. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नेमणूक झाली, सेनगाव तालुक्यात, आणि पहिला पगार हातात आला त्या आठवड्यात बाबांनी माझ्यासमोर लाल कागदात गुंडाळलेली डबी ठेवली. आत कानातले होते. चांगले होते. पण माझ्या नाकावर राग कायम बसलेला असतो, त्याला निमित्त मिळालं.

"भावांना कोट, आन मला कानातले काहून?"

"पोरीला कोट?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते कोत्या मनाचे नाहीत. त्यांना फक्त सुचलं नव्हतं. "बराबर हाय तिचं," ते म्हणाले. "कमावती झाली, कोट शिवायलाच पायजे. उद्या चल शिंप्याकडं."

इथं शहाण्या मुलीनं गप्प बसावं. मी म्हणाले, "लोकरीचा नको. मला चामड्याचं जॅकेट पायजे."

आई हातातल्या परातीसकट बाहेर आली.

आता हे चामड्याचं खूळ माझ्या डोक्यात आलं कुठून, तर रस्त्यावरून. माझं काम गाडीवरचं. लसीची थंड पेटी खांद्याला अडकवायची आणि बुलेट काढायची, आज हे गाव, उद्या तो तांडा. नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. तालुक्यातल्याच गोरेगावहून परत येताना वळणावर खडी सांडलेली होती, गाडी गेली आडवी. गाडीला काही झालं नाही. स्वेटरची बाही आणि माझ्या कोपराची साल मात्र रस्त्यावरच राहिली. ज्या शेतकऱ्यानं मला उठवलं तो आधी म्हणाला, "मॅडम, पेटी फुटली का?" आणि मग माझं रक्त बघून ओशाळला. त्या दिवशी मी ठरवलं की अंगावर जाड काहीतरी पाहिजे. थंडीला, रस्त्याला आणि शिंगांना पुरून उरेल असं.

पण आमच्या घरात चामडं म्हणजे साधी गोष्ट नाही. आमच्या गावात ढोर मेलं की ते ओढून गावाबाहेर न्यायचं काम आमच्याच माणसांचं होतं. सांगितलं की जायचं. ताटावरून उठून जायचं. आजोबांनी ते तरुणपणी केलं. मग धम्म घेतला आणि एका सकाळी ढोरं ओढायचा दोर खुंटीवरून काढला, नेऊन पूर्णेत टाकला आणि परत येऊन सांगितलं, आजपासून या घराचा हात मेलेल्या ढोराला लागणार नाही, त्याच्या कातड्यालाही नाही. गावानं पुढं जो त्रास द्यायचा तो दिला. आजोबा मागे हटले नाहीत, गाव सोडून हिंगोलीला आले. बाबांनी ते वचन त्यांच्याहून कडक पाळलं. कातडी चप्पल नाही, पट्टा नाही, पाकीट नाही, घड्याळाला स्टीलची साखळी. भावाच्या लग्नात उंची सूट आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट! पाहुणे तोंडावर रुमाल धरून हसत होते आणि बाबा ताठ मानेनं मांडवभर फिरत होते. लाइनमन माणूस, रबराशी त्यांचं आधीपासूनच जमायचं. रबरी चपला, रबरी बूट आणि विजेच्या तारांना हात घालायचे कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते हातमोजे टाकले नाहीत, पावडर लावून कपाटात ठेवलेत.

तर अशा माणसाला मी चामड्याचं जॅकेट मागितलं होतं.

"जे तुझ्या आज्यानं नदीत टाकलं," बाबा म्हणाले, "ते तू हौसेनं अंगावर घेऊन राहिली."

"आजोबांनी दोर टाकला बाबा. तो दुसऱ्यानं गळ्यात मारला व्हता म्हणून टाकला. हे मी माझ्या मर्जीनं, माझ्या मापानं शिवून घेऊन राहिले. दोन्ही एक कसं?"

"कातडं ते कातडंच."

"आजोबा मेलेली ढोरं ओढायचे. मी पडलेली ढोरं उभी करते. ज्या वाड्याच्या मागच्या दारानं ते जायचे, तसल्याच वाड्यात मला पुढच्या दारानं बोलवतात, खुर्ची टाकतात. त्या खुर्चीवर मी काय घालून बसायचं, हे बी मीच ठरवणार."

हे मी खरंच असं, एका दमात बोलले. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. बाबा मात्र जमिनीकडे बघत म्हणाले, "तुझं तोंड लई चालतं. शीव. तुझी कमाई, तुझं अंग, मी आडवा येणार न्हाई. पण अंगावर चढवायला माझा हात लागणार न्हाई."

म्हणजे जॅकेट मिळणार होतं, पण कोट मिळणार नव्हता. बाबांनी स्वतः चढवला नाही, खांद्यावरून अंगठा फिरवून "बराबर" म्हटलं नाही, तर ते नुसतं कापड, म्हणजे नुसतं कातडं. भावांना जे मिळालं ते मला मिळणार नव्हतं, आणि मला तर तेच पाहिजे होतं.

"मग मी बी सांगते," मी म्हणाले. "तुमी चढवल्याबगर मी घालणार न्हाई."

आईनं हातातली परात खाली ठेवली. "एक म्हणतो हात लावत न्हाई, दुसरी म्हणती घालत न्हाई. मग शिवता कशाला? खुंटीला थंडी वाजून राहिली काय?"

खाण तशी माती. बाबांचा हट्ट माझ्यात उतरलाय, त्याला मी काय करू? पण एक खरं सांगते, मला भीती वाटली नाही. बाबा बधतील याची मला खात्री होती. कसे ते मात्र माहीत नव्हतं.

म्हाताऱ्या शिंप्यांनी चामड्याचं नाव ऐकून हात जोडले. त्यांच्या मशीनची सुई त्यातून जाणार नव्हती. "वारंगा फाट्याला एक सीटवाला हाय," ते म्हणाले. "त्याची मशीन हत्ती बी शिवल."

वारंगा फाट्यावर रात्रंदिवस ट्रक थांबतात, त्यामुळे तिथं गाड्यांची सगळी कामं होतात. सीटवाल्याचं दुकान लांबूनच ओळखू आलं, बाहेर ट्रकच्या, जीपच्या, मोटारसायकलींच्या सीटा टांगलेल्या. माणूस मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या गोष्टींचा. मी मोबाइलवर जॅकेटचा फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून, उलटासुलटा करून बघितला.

"व्हतंय की. हैदराबादेवरून म्हशीचं कमावलेलं चामडं मागवतो, एक नंबर. या फाट्यावर माझ्यासारखी शिलाई कुणाची न्हाई, कुणालाबी इचारा. पण मॅडम, आजवर मी माणूस शिवला न्हाई."

"आता शिवा."

"घ्या मग गाडी इकडं."

"गाडी कशाला?"

"माप घ्यायचं न्हाई का?"

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो टेप गळ्यात अडकवून वाट बघत उभा होता. जन्मभर त्यानं जे काही मापलं ते गाडीवर बसवायचंच होतं, त्यामुळे गाडीशिवाय माप घेतात हे त्याच्या गावीच नव्हतं. बुलेट स्टँडवर चढवली आणि वर बसले.

"हात हँडलला. बराबर. मान पुढं. आता ब्रेक मारा."

मी ब्रेक मारला. त्यानं तेवढ्यात पाठीवर टेप टाकला. "आता खड्डा आला समजा." मी खड्डा आला असं समजून दोन्ही पायांवर जराशी वर उठले, त्यानं कमरेचं माप घेतलं. माझ्या अंगाला हात न लावता, टेपचं टोक मलाच धरायला सांगून, मोठ्या अदबीनं चाललं होतं सगळं. चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर लोक गोळा झाले. एक म्हणाला, बाही लांब ठेवा. दुसरा म्हणाला, पाठ लांब ठेवा, वारं शिरतं. मी त्यांना म्हणाले, "तुमच्या गाड्यांची हवा बघा आधी," तेव्हा कुठं पांगले.

"लोड काय असतो?" सीटवाल्यानं विचारलं.

"लोड?"

"अंगावर काय वाहता?"

मी लसीची पेटी डाव्या खांद्याला अडकवून दाखवली. पट्टा जिथं बसतो तिथं त्यानं खडूनं खूण केली आणि म्हणाला, तिथं शिलाई डबल मारतो. "एक ध्यानात घ्या. कापडासारखी उसवाउसवी इथं चालत न्हाई. चामड्याला सुईचं भोक पडलं की पडलं. आता हां म्हणा न्हायतं न्हाई म्हणा."

मी हां म्हणाले. दुकानातून एक खुर्ची बाहेर मागवली होती मी, गाडीसमोर ठेवायला. कशाला, ते त्याला सांगितलं नाही. बाबा येणार नव्हतेच. तरी माझं माप चालू असताना समोर खुर्ची असावी असं वाटलं. एका ड्रायव्हरनं तिच्यावर बसून आरामात चहा पिला. त्याचा मला इतका राग आला की पाणीच आलं डोळ्यांत, आणि सीटवाल्याला वाटलं खडूची धूळ गेली.

जॅकेट झालं आणि मी ते घरी आणलं. रंग काकवीचा, पुढं जाड चेन, खांद्यावर दुहेरी शिवण, एका रेषेत. वास असा की घरभर पसरला. मी ते समोरच्या खोलीत खुंटीला लावलं, आणि तेव्हा लक्षात आलं की सीटवाल्यानं काय करून ठेवलंय. दोन्ही बाह्या खाली पडेनातच. कोपरात वाकून पुढं आलेल्या, हँडल धरल्यासारख्या. पाठ लांब, पुढचा भाग आखूड.

"अगं बाई," आई म्हणाली, "हे तं कुणीतरी दोन्ही हात पुढं करून मागून राहिलंय असं वाटतं."

बाबांनी त्याच्याकडे पाठ करून जेवण केलं. दुसऱ्या दिवशीही. मी सकाळी जुना स्वेटर घालून, बाहीला ठिगळ लावलेला, कुडकुडत निघायची, आणि मुद्दाम त्यांच्या समोरून निघायची. ते पेपरात डोकं घालून बसायचे. पण मी त्यांचीच मुलगी आहे, मला त्यांची नस माहीत आहे. बाबांचा जगातल्या कुठल्याही अन्यायावर संताप होतो, पण बेढब शिवलेल्या बाहीवर त्याहून जास्त होतो. टीव्हीवर मंत्री आला की ते आधी त्याच्या कोटाचा खांदा बघतात. समोरच्या खुंटीवर असलं वेडंवाकडं काहीतरी लटकलेलं असताना ते किती दिवस कळ काढणार?

जास्त दिवस नाही काढली. एका सुटीच्या सकाळी मी गाडी पुसत होते, ते आतून ओरडले, "बाह्या लांब झाल्या!"

मी फडकं खाली ठेवून आत गेले. ते जॅकेटपासून हातभर अंतरावर, हात पाठीमागं बांधून उभे होते.

"आन हा फुगा काहून आला पाठीत? माप कसं घेतलं त्यानं?"

"गाडीवर बसवून."

"गाडीवर?"

"ब्रेक मारायला लावला. मग खड्ड्याचं बी घेतलं."

बाबांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो तिथंच घोटाळला. "म्हणजे माणसाचं न्हाई, सीटचं माप घेतलं!" असं म्हणून ते एवढे हसले की खोकला लागला. आई पाणी घेऊन आली. पाणी पिऊन बाबांनी पुन्हा जॅकेटकडे बघितलं, बाह्यांच्या कोनाकडे बघितलं, बाहेर गाडीकडे बघितलं. त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता.

"घाल बरं. गाडीवर बसून दाखव."

"मी घालणार न्हाई. तुमी चढवा."

"नुसतं बघायचंय मला."

"मग चढवून बघा."

ते चिडून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, आई काहीतरी म्हणाली, आणि बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत रबरी हातमोजे होते. विजेच्या तारांचे. पावडर उडत होती.

"माझा हात लागणार न्हाई म्हणलो व्हतो," ते म्हणाले. "लागत बी न्हाई. बस गाडीवर."

आई पदर तोंडात धरून भिंतीला टेकली. मी ओठ गच्च मिटून घेतले, कारण हसले असते तर सगळं फिसकटलं असतं. अंगणात जाऊन गाडीवर बसले. बाबांनी खुंटीवरून जॅकेट काढलं, दोन हातांत आडवं धरून, जिवंत तार धरावी तसं अंगापासून लांब, बाहेर आणलं. माझ्या मागं उभे राहिले. मी एक हात घातला, मग दुसरा. त्यांनी मागून वर ओढलं.

"हँडल धर."

मी हँडल धरलं, आणि जॅकेट बसलं. पाठीतला फुगा गेला, बाह्या बरोबर मनगटाशी येऊन थांबल्या, कमरेला कुठं फट राहिली नाही. अंगणातल्या त्या गाडीवर मी बसले होते आणि माझ्या अंगावर फक्त माझंच होऊ शकेल असं काहीतरी होतं. दुसऱ्या कुणाच्या अंगावर ते कधीच बसणार नाही. इतकी मी कधीच कुठं फिट बसले नव्हते.

बाबा बाजूला आले, मागं गेले, पुन्हा बाजूला आले. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि अंगठा माझ्या मानेशी टेकवला, शिवणीवर. फिरवायला लागले. जाड रबराला शिवण काय लागणार? अंगठा घसरला. त्यांनी पुन्हा मानेशी नेला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा ते थांबले. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. श्वास ऐकू येत होता.

मग रबर खेचल्याचा आवाज झाला.

त्यांचा उघडा अंगठा मानेशी टेकला आणि दुहेरी शिवणीवरून सावकाश, टाका टाका मोजल्यासारखा, दंडापर्यंत गेला. तिथं थांबला. मग त्यांनी सगळा तळहात खांद्यावर ठेवला. मला तो चामड्यातून लागत होता. भावांच्या वेळी त्यांनी तळहात ठेवला नव्हता.

"माझ्या बापाचं माप कुणी घेतलंच न्हाई गं," ते म्हणाले.

मी हँडल सोडलं नाही. सोडलं असतं तर जॅकेट बिघडलं असतं आणि मीही. समोर जास्वंदीजवळ आई उभी होती, ती मला धूसर दिसत होती.

"बराबर हाय," बाबा म्हणाले. आवाज साफ करून पुन्हा म्हणाले, "बराबर. पण उभी राहून घालू नको, लाज काढशील."

मी गाडी चालू केली आणि फाटकातून बाहेर काढली. आरशात बघितलं तर ते अंगणातच उभे होते, एका हातात अजून कोपरापर्यंत हातमोजा, आणि दुसरा हात उघडा. आई त्यांना म्हणत होती, "तो दुसरा बी काढा आता."